इचोड्याची वळचण आणि तीन दिवस वर केलेली मान

मामानं फोनवर एक वाक्य सहज टाकलं आणि मी अर्धी खाल्लेली चकली परत डब्यात ठेवली. वाक्य असं होतं: "अन् बेबी, छज्ज्याच्या सळ्या मिस्त्रीनं उगाच वर-वर ठेवल्या होत्या, मी त्या पायानं दाबून बाकीच्या स्लॅबच्या ओळीत आणल्या. आता कशा एका रांगेत हायेत."

यशवंतमामा माझ्या आईचा धाकटा भाऊ. तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात, इचोड्याच्या मराठी शाळेत त्यानं जन्मभर शिकवलं आणि आता निवृत्त होऊन आयुष्यातलं पहिलं पक्कं घर बांधतोय. शाळेत प्रार्थनेच्या वेळी मुलांची ओळ जरा वाकडी झाली तरी त्याला घास गोड लागत नसे. त्याच्या अंगणातल्या तुळशीसुद्धा दोरी लावून लावलेल्या आहेत. त्यामुळे सळ्यांचं प्रकरण ऐकून मला नवल वाटलं नाही, घाम मात्र फुटला.

कारण सांगते, सोपं आहे. दोन भिंतींवर टेकलेला स्लॅब ओझ्यानं मधे पोट काढतो, ताण खालच्या बाजूला येतो, म्हणून लोखंड खाली घालतात. छज्जा मात्र एकाच बाजूनं भिंतीला धरलेला, पुढे मोकळा. बाजाराची पिशवी धरून हात आडवा करून बघा, दुखतं कुठे? खांद्याच्या वर. म्हणून छज्ज्याचं लोखंड वर लागतं. ते खाली गेलं तर सेंट्रिंग, म्हणजे खालून दिलेला फळ्या-बल्ल्यांचा टेकू, आहे तोवर सगळं ठीक दिसतं. सेंट्रिंग काढलं की कधीतरी अख्खा छज्जा खाली येतो, आणि खाली कोण उभं आहे ते बघून येत नाही.

मामाचा छज्जा रस्त्याच्या बाजूनं पाच फूट पुढे आलेला. स्लॅब टाकून झाला होता, सेंट्रिंग रविवारी निघणार होतं. "ये तू, मटण करू," मामा म्हणाला. "अन् येशील तवा एक सांगजो. तुमी बिलात ते सॉफिट-सॉफिट लिहिता, त्याचा अर्थ काय, तो शब्द आला कुठून? पाठ करून ये."

मी म्हटलं, येते. का येतेय ते मात्र फोनवर बोलवेना. ज्या माणसानं मला मराठीतली पहिली कविता शिकवली त्याला "मामा, तू घर बिघडवलंस" हे कसं सांगायचं, मला सुचेना.

इथे स्वतःची ओळख करून देते. मी नागपूरच्या एका बांधकाम कंपनीत बिलं करते. नातेवाइकांत मी 'इंजिनेर'. खरं तर डिप्लोमा केला आणि तेव्हापासून एसीत बसून दुसऱ्यांनी बांधलेलं मोजतेय. 'सॉफिट' हा शब्द दिवसाला वीसदा लिहिते: स्लॅबचं सॉफिट, तुळईचं सॉफिट, जिन्याचं सॉफिट. बांधकामाची जी बाजू खाली उभं राहून वर पाहिल्यावर दिसते, ती. तो शब्द आला कुठून, हा प्रश्न मला इतक्या वर्षांत एकदाही पडला नव्हता. मामाला एका फोनमध्ये पडला.

शुक्रवारी सकाळी गणेशपेठच्या स्टँडवरून आदिलाबादची एसटी पकडली. काळजी होतीच, पण खरं सांगते, बस सुटली की माझ्या अंगात वारं शिरतं. खिडकी मिळाली, थर्मासमध्ये चहा होता, आणि मी ठरवून टाकलं की या प्रवासात फक्त खालच्या बाजू बघायच्या. शहराबाहेर पडेपर्यंत चार पुलांची पोटं पाहून झाली. एकाला पोपडे आले होते, एकाखाली पाकोळ्यांनी मातीची घरटी लटकवली होती, एकाखाली न्हावी खुर्ची टाकून दाढी करत होता. इतक्या वर्षांत ही वरची दुनिया मी बघितलीच नव्हती, आणि आता नजर खाली येईना. कंडक्टरनं दोनदा विचारलं, "मॅडम, चक्कर येते काय?"

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: महाराष्ट्रात बायकांना एसटीचं तिकीट अर्धं आहे, पण ते राज्याच्या हद्दीपर्यंतच. पुढचं पूर्ण पडतं, त्यामुळे कंडक्टरशी हुज्जत घालू नका, मी घालून पाहिली. रस्ता चौपदरी आणि सरळ आहे. जाम गावाला गाडी थांबते, तिथे समोसा गरम असेल तरच घ्या. संत्री मात्र डोळे मिटून घ्या. आदिलाबादपर्यंत चार-साडेचार तास धरा. मार्चमध्ये जाणार असाल तर सकाळचीच गाडी बघा, दुपारी खिडकीची पट्टीसुद्धा चटका देते. पण मार्चमध्येच जा, कारण पांढरकवड्यानंतर दोन्ही बाजूंना पळस पेटलेला असतो.

शेजारी पाटणबोरीच्या एक काकू बसल्या होत्या, मांडीवर हळदीची पिशवी. मी मोबाइलवर सॉफिटचं मूळ शोधत होते. त्यांनी बराच वेळ डोकावून पाहिलं आणि न राहवून विचारलं, "काय वाचून राह्यली वं इतकं?"

म्हटलं, "काकू, छताच्या खालच्या बाजूला इंग्रजीत एक नाव आहे. ते कुठून आलं ते वाचतेय."

"छताच्या पोटाले बी नाव असते?"

"असतं. हा शब्द इटलीतून फ्रान्समार्गे इंग्रजीत गेला. त्याच्या मुळाशी लॅटिनमधले दोन तुकडे आहेत. एकाचा अर्थ खाली, दुसऱ्याचा ठोकलेलं, पक्कं बसवलेलं. म्हणजे खालून ठोकून बसवलेलं."

काकूंनी विचार केला. "म्हन्जे वरचं उघडं-नागडं दिसू नये म्हणून खालून फळ्या ठोकल्या, अन् त्या फळ्याइचं नाव राह्यलं. आमच्या पाटलाच्या माडीले व्हती तशी. तक्तपोशी म्हणत."

मी जवळजवळ उठून उभी राहिले. तक्ता म्हणजे फळी, पोशी म्हणजे झाकणं, पोशाखातलीच. इटलीच्या सुतारानं आणि पाटणबोरीच्या सुतारानं एकच काम केलं होतं आणि दोघांनी जवळपास एकाच विचारानं त्याला नाव दिलं होतं. काकूंना मी एक संत्रं दिलं, त्यांनी मला हळकुंड दिलं. पैनगंगेच्या अलीकडे त्या उतरल्या आणि मी एकटीच पुलावरून नदी बघत तेलंगणात शिरले.

आदिलाबादला बस बदलायची. तेलंगणाच्या साध्या आणि एक्स्प्रेस बसमध्ये तिथल्या बायकांना प्रवास फुकट आहे, आधार कार्ड दाखवलं की झालं. माझं कार्ड नागपूरचं निघालं तेव्हा कंडक्टरबाईंनी "महाराष्ट्रा अक्का, टिकट" म्हणून हसत पैसे घेतले. बस गुडीहत्नूरवरून जाते. तिथे दहा मिनिटं थांबली तेवढ्यात मिरची बज्जी खाल्ली. सोबत कच्चा कांदा चिरून देतात, लाजू नका, दुसरी प्लेट घ्या. गुडीहत्नूरच्या त्या टपरीला छत म्हणून जुन्या फ्लेक्सचा कपडा होता आणि त्याच्या खालच्या बाजूनं कुठल्यातरी लग्नातले नवरा-नवरी उलटे हसत होते. सॉफिटच ते, दुसरं काय.

इचोडा म्हणजे हायवेवरचं बाजाराचं गाव. ट्रक, टायरची दुकानं, धाबे, बी-बियाण्यांचे बोर्ड तेलुगूत आणि बोलणं अर्धं मराठीत. भाषेची काळजी करू नका, मराठीत विचाराल तर मराठीत उत्तर येतं, नाहीतर हिंदी आहेच. राहायचं असेल तर मात्र लॉज आदिलाबादमध्येच बघून ठेवा.

मामा स्टँडवर आला होता, पांढरा शर्ट, खिशाला पेन. "जय भीम, इंजिनेरबाई," म्हणाला आणि बॅग हिसकावून घेतली. घरी नेण्याआधी त्यानं मला थेट नव्या घरासमोर उभं केलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि पुढे रस्त्यावर झुकलेला तो छज्जा, खाली बांबू-बल्ल्यांचं जंगल.

"एवढा रुंद छज्जा कशाला रे मामा?"

"शेअर ऑटो इथंच थांबतेत," तो म्हणाला. "बाजाराच्या दिवशी बाया डोक्यावर टोपली घेऊन उन्हात उभ्या राह्यतेत. त्याईच्यासाठी." मग मान मागे टाकून तो त्या फळ्यांकडे इतक्या प्रेमानं बघत राहिला की मी नुसत्या बल्ल्या मोजल्या.

मामीनं रात्री ज्वारीच्या भाकरी आणि अंबाडीची भाजी केली होती. इथे बाजारात तेलुगूत त्या भाजीला पुंटीकूर म्हणतात, आणि मामीचं म्हणणं असं की नाव बदललं की भाव दोन रुपयांनी वाढतो. मी चार भाकरी खाल्ल्या. प्रत्येक भाकरीला आता बोलायचं असं ठरवलं आणि प्रत्येक वेळी भाजी वाढून घेतली. मामी माझ्याकडे बघत होती. "काऊन वं, तुह्या घशात काही अडकलं काय?" मी पाणी प्यायले आणि झोपायला गेले.

शनिवारी मिस्त्री दुसऱ्या गावी कामाला होता, तेव्हा मामानं ऑटो ठरवला आणि आम्ही सिरीचेलम्याला गेलो. इचोड्यापासून आतल्या बाजूला हे गाव आहे, तळ्यात जुनं दगडी देऊळ आहे. गर्दी नाही, खायला काही मिळत नाही, पाणी बरोबर न्या. ऑटोवाला येण्या-जाण्याचं आणि थांबायचं धरून आधीच बोलून घ्या. मामा पायरीवर बसला. "देव तू पाह्य, मी दगड पाह्यतो," म्हणाला.

मी आत जाऊन मान वर केली. वर आडव्या दगडी शिळा आणि त्यांना तोलणारे खांब, जवळ-जवळ उभे. दगड दाबून धरायला चांगला असतो, ताण त्याला सोसत नाही. लांब शिळा टाकली की खालून तडकते, म्हणून त्या कारागिरांनी दर चार पावलांवर खांब दिला. लोखंड नव्हतं त्यांच्याकडे, अंदाज होता. मी एका खांबाला पाठ लावून वर पाहत फिरत राहिले, अगदी गरगर फिरले, आणि शेवटी भोवळ येऊन मामाच्या शेजारी पायरीवर बसले. तो हसायला लागला.

"सांग आता. सॉफिट."

मी सांगितलं. खाली आणि ठोकलेलं, इटली, फ्रान्स, काकूंची तक्तपोशी, सगळं. त्यानं वर्गातल्यासारखी मान हलवत ऐकलं.

"चांगला शब्द हाय. पण छज्ज्याच्या खालच्या जागेले आपल्याजवळ त्याच्याहून जुना शब्द हाय. वळचण."

"त्याची व्युत्पत्ती काय?"

"ते मले नक्की ठाऊक नाही, अन् ठाऊक नाही ते मी सांगत नसतो. अर्थ ठाऊक हाय. उभा राह्यलोय मी तिथं."

मग तो सांगू लागला. त्याचे वडील, म्हणजे माझे आजोबा, शेतमजूर. आठवड्याची मजुरी आणायला मालकाच्या घरी जायचे, सोबत हा लहानगा. घराच्या आत जायची सोय नव्हती. ओसरीवर चढायची नव्हती. पावसात, उन्हात, वळचणीपर्यंत. छप्पर तिथे हातभर पुढे आलेलं, त्यामुळे बाप भिंतीला टेकला की पोराच्या अंगावर पागोळ्या पडायच्या आणि पोराला आत घेतलं की बापाच्या. आतून मालकाचा आवाज यायचा, थांब रे. कधी तासभर.

"मी वर पाह्यत उभा राहो," मामा म्हणाला. "दुसरं पाह्यले काय होतं? त्या वळचणीच्या वाशांतली एकेक गाठ मले आजबी आठवते. घराचं पोट त्याईच्या लोकाईले दिसत नोतं, ते आत असत. ते आमालेच दिसे. तवाच ठरवलं, आपलं घर झालं तर वळचण पाच फूट. अन् कोणी उभं राह्यलं तर आतून आवाज येईन तो 'थांब' असा नाही."

पायरीखाली पाणी होतं. त्यात एक म्हैस मान वर करून पोहत होती. मला कळलं की आता बोलले नाही तर बायांना त्या छज्ज्याखाली उभं राहू देऊन मी त्या मालकाच्याच रांगेत बसेन.

"मामा," मी म्हटलं, "छज्ज्याच्या सळ्या वरच असाव्या लागतात. तू दाबल्या असशील तर तो पडेल. उद्या नाही पडला तर पावसात पडेल. बाया खाली उभ्या असताना पडेल."

मी हात आडवा करून, पिशवी टांगून, सगळं दाखवलं. त्यानं स्वतःचा हात आडवा केला. मी त्यात पाण्याची बाटली अडकवली. तो बराच वेळ तसाच हात धरून बसला, खांदा थरथरायला लागला तरी.

"म्हन्जे मीच," एवढंच म्हणाला.

परतीच्या ऑटोत त्यानं दोनदा हात आडवा करून पाहिला. मामीनं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "मी म्हटलं होतं, वर नका चढू. मिस्त्री जेवाले गेला अन् हे चढले, दोन मजूर घेऊन. ओळ सरळ करतो म्हणे." मामानं त्या रात्री पानाला हात लावला नाही. झोपायच्या आधी मला म्हणाला, "तोडावं लागलं तर तोडू. पण कोणाच्या डोक्यावर नाही." त्याचा आवाज इतका साधा होता की मला रडू आलं. सकाळपर्यंत मी पण नीट झोपले नाही.

रविवारी किसन मिस्त्री आला. पंचेचाळिशीचा, दोन मजूर बरोबर, डोक्याला रुमाल. त्याच्यामागे निम्मी गल्ली आली, कारण सेंट्रिंग काढणं म्हणजे इथे बारशासारखं असतं. घराचं पोट पहिल्यांदा त्या दिवशी दिसतं. मामीनं चहाचं पातेलं चढवलं होतं. मी मिस्त्रीला सांगितलं की बल्लीला हात लावू नका, आधी वर चढून भिंतीच्या रेषेवर छज्जा छन्नीनं थोडा टाचून बघू, सळई किती खोल आहे ते.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग मामाकडे. "कायले सर? चांगलं हाय."

मामा सगळ्यांसमोर म्हणाला, "किसन, माह्या हातून चूक झाली. तू जेवाले गेला तवा मी सळ्या खाली दाबल्या."

किसननं नजर पायाकडे नेली. "मले मालूम हाय सर."

"मालूम हाय?"

"संध्याकाळी तुमी घरी गेले तवा मी पुन्यांदा उचलल्या. खालून गिट्टीचे तुकडे लावले. सकाळी स्लॅब टाकला."

"मंग सांगितलं काऊन नाही?"

किसननं एका हातानं स्वतःचा कान धरला, अगदी नकळत. "कसं सांगू सर. सातवीपर्यंत तुमच्याच वर्गात होतो. ओळीत उभं राहाले तर तुमीच शिकवलं." गल्ली हसली. मामी इतकी हसली की पातेल्यातला चहा उतू गेला. मामा मात्र हसला नाही, त्यानं किसनचा तो हात कानावरून खाली घेतला आणि तसाच धरून ठेवला.

मला नाचावंसं वाटत होतं. पण जन्मभर बिलं करणारीची सवय वाईट असते, मोजल्याशिवाय लिहीत नाही. म्हटलं, "विश्वास आहे मिस्त्री, तरी बघूच." आम्ही वर चढलो. मामा, किसन आणि मी, जिन्याला अजून कठडा नव्हता. किसननं छन्नी लावली. ठक, ठक, ठक, आणि मग आवाज बदलला, टण्. बोटाच्या पेराएवढ्या खोलीवर सळई. मी टेप लावला आणि मामाकडे पाहिलं. त्यानं डोळे मिटून घेतले होते.

दुसरा खड्डा मधोमध. टण्.

तिसरा कोपऱ्यात, ऑटो थांबतात त्या टोकाला. ठक, ठक. एक इंच, दोन इंच. किसन थांबला, घाम पुसला, पुन्हा सुरू झाला. तीन इंच. खाली चहा पिणारे कप ठेवून मागे सरकले. जवळजवळ तळाशी गेल्यावर टण् झालं.

किसनचा चेहरा पडला. "इथं पाण्याचा ड्रम होता," तो हळूच म्हणाला. "भरलेला. तो हलला नाही, अन् मंग स्लॅबच्या गडबडीत मी इसरलो."

मग मामानं विचारलं, "बेबी, एवढाच कोपरा?" आम्ही शेजारी आणखी टाचून पाहिलं. एवढाच होता, तिथल्या चार सळ्या. मी म्हटलं, तोडायला नको, कोपऱ्याखाली एक खांब दिला की भागेल. खांब आला की ताण खाली जाईल, आणि तिथे सळ्या आहेतच. आज बाकीचं सेंट्रिंग काढा, त्या टोकाच्या बल्ल्या ठेवा, आठवड्यात खांब उभा करा. आणि मग मी ऑफिसातल्या वरिष्ठ इंजिनिअरला फोन लावून सगळं सांगितलं, फोटो पाठवले, कारण माझ्या डिप्लोम्यावर मी एवढं ओझं टाकणार नव्हते. त्यांनी पण खांबच सांगितला.

"मले खांब नको होता," मामा म्हणाला. "मोकळं पाह्यजे होतं."

"सर," किसन म्हणाला, "टोपली उतरवाले बाईले टेकाले काही लागते नं."

मामा त्याच्याकडे बघतच राहिला. आणि मग, कालच्या देवळानंतर पहिल्यांदा, मोठ्यानं हसला. "पाह्य बेबी. हा माहा विद्यार्थी हाय."

काढायला सुरुवात झाली. छज्ज्याच्या बल्ल्या बाहेरच्या टोकापासून भिंतीकडे काढतात, उलट नाही. किसनला ते पुस्तकाशिवाय माहीत होतं. एकेक बल्ली, मग पाट, मग फळी सुटली की टाळी. आणि मग तो दिसला, करड्या रंगाचा, अजून ओलसर थंड. खाली अंथरलेल्या प्लास्टिकच्या सुरकुत्या त्यात जशाच्या तशा उमटल्या होत्या, फळ्यांच्या सांध्यांच्या रेघा होत्या, एका ठिकाणी कुणाच्या तरी बोटाचा ठसा. मी किसनला विचारलं, या बाजूला तुम्ही काय म्हणता? "बॉटम," तो म्हणाला. इटली, फ्रान्स आणि पाटणबोरी, सगळं फुकट गेलं.

पंधरा-वीस माणसं तोंड उघडं टाकून वर बघत उभी होती. मामी म्हणाली, "माह्या लग्नात माह्या तोंडाकडे कोणी इतकं नोतं पाह्यलं." मामा सगळ्यात आधी त्याच्याखाली जाऊन उभा राहिला, भिंतीला पाठ लावून. मी त्याच्या शेजारी उभी राहिले. वर पाच फूट छप्पर होतं आणि आमच्या दोघांच्याही पायांवर ऊन नव्हतं.

"वळचणीचं पाणी आढ्याले चढत नाही म्हन्तेत," मामा म्हणाला. "आपलं चढलं."

मग मटण झालं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, वाचणाऱ्यांवर अन्याय होईल. किसनला मामानं आपल्या शेजारी बसवलं आणि रस्सा वाढणाऱ्याला अडवायला लोक पुढे सरकले तशी पंगतीची ओळ दोनदा वाकडी झाली, तरी मामा काही बोलला नाही.

सोमवारी सकाळच्या बसनं निघाले. आदिलाबादच्या स्टँडवर इडली खाल्ली, शेंगदाण्याची चटणी मागून घ्या, मागितल्याशिवाय कमी देतात. येताना मान इतकी दुखत होती की पुलांची पोटं बघता आली नाहीत, समोरच्या सीटवरची जाहिरात वाचत आले. घरी आल्यावर मामीनं दिलेला अंबाडीचा डबा फ्रिजमध्ये ठेवला आणि मानेला बाम लावून झोपले.

जाऊन काय मिळालं, असं ऑफिसातल्यांनी विचारलं. धबधबा पाहिला का, कुंतालाला गेलीस का? नाही गेले. तुम्ही जा, इचोड्याहून जवळ आहे. मी तीन दिवस छपरांच्या खालच्या बाजू बघून आले. आता बिलात सॉफिट लिहिताना हात क्षणभर थांबतो. आजवर मला ते चौरस मीटरमध्येच ठाऊक होतं. त्याच्याखाली कुणीतरी उभं राहतं, कुणाला तरी तिथेच उभं केलेलं असतं, हे मी कधी मोजलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात मामाचा फोन आला. खांब उभा राहिला होता, छज्ज्याला आतून चुना दिला होता. आणि खालच्या बाजूला त्यानं पेंटरकडून लिहून घेतलं होतं, मराठीत आणि तेलुगूत, मोठ्या अक्षरांत: या, बसा. खाली भिंतीला लागून सिमेंटचा ओटा.

"पाटीवर का नाही लिहिलंस, बाहेर? रस्त्यावरून दिसलं असतं."

"रस्त्यावरच्याले कायले? जो खाली येऊन उभा राह्यला, वर पाह्यलं, त्याच्यासाठीच हाय ते."

"मग आला का कुणी?"

"काल बाजार होता नं. एक बाई आली, मिरच्याची टोपली घेऊन. किसनच्या खांबाले टेकून टोपली उतरवली. मी आत होतो, मुद्दाम बाहेर नाही आलो. तिनं वर पाह्यलं."

"वाचलं तिनं?"

मागे ऑटोचा हॉर्न ऐकू येत होता.

"वाचता येते का नाही, मी नाही विचारलं," तो म्हणाला. "बसली ती."